संस्थांचे परस्परसंबंध दाखविणारे इंग्रजी शब्द: अर्थ व उपयोग

(केंद्रशाळेतील शिक्षक-सभेपुढे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना तो कार्यालयीन बाबूंचा आहे, शिक्षकांचा नव्हे, असे वाटण्याचा संभव आहे. ॲफिलिएटेड, रेकग्नाइज्ड, रजिस्टर्ड, एडेड, अटॅच्ड, ऑटोनॉमस, फेडरेशन ह्या शब्दांत ना काव्य, ना कथा. परंतु हेच शब्द आज खेड्यातील माणसाच्या वाटेत पावलोपावली उभे आहेत. शाळांच्या पाट्यांवर ते आहेत, महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांवर आहेत, शिष्यवृत्तीच्या अर्जांत आहेत, कापसाच्या पावतीवर आहेत. आणि बारावी झालेल्या मुलीचा बाप एखादे गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक घेऊन, "गुरुजी, हे कालेज सरकारी हाय का जी?" असे विचारावयास येतो, तो तहसील कचेरीत जात नाही, आपल्याच दारी येतो. त्याच्या हातातील कागदावरच्या एका शब्दावर त्या मुलीची दोनतीन वर्षे आणि त्या घराचे एखाद्या हंगामाचे उत्पन्न अवलंबून असते. म्हणून ह्या शब्दांचा नेमका अर्थ आपणांस ठाऊक असणे हे आपल्या कर्तव्याचाच भाग आहे, असे मी समजतो.

षष्ठीची सोय आणि तिची अडचण

अडचणीचे मूळ आपल्या भाषेच्या एका सोयीत आहे. मराठीत षष्ठी विभक्ती मोठी उदार आहे. "मातीची चूल", "मामाचे गाव", "सोमवारचा बाजार", "शेजाऱ्याचे भांडण" ह्या चारही ठिकाणी संबंध निरनिराळा, पण प्रत्यय एकच. चूल मातीने घडलेली असते, गाव मामाच्या मालकीचे नसते, बाजार सोमवारी भरतो आणि भांडण शेजाऱ्याने काढलेले असते. बोलणारा आणि ऐकणारा ह्यांस हा भेद प्रसंगावरून कळतो. प्रत्ययाने तो सांगावा लागत नाही.

संस्थांविषयी बोलतानाही आपण हाच प्रत्यय वापरतो. "जिल्हा परिषदेची शाळा", "संस्थेची शाळा", "बोर्डाची शाळा", "विद्यापीठाचे कॉलेज", "बँकेची सोसायटी". पहिल्या शब्दप्रयोगात जिल्हा परिषद शाळा चालविते. दुसऱ्यात एखादे खाजगी शिक्षण मंडळ ती चालविते. तिसऱ्यात मंडळ फक्त परीक्षा घेते. चौथ्यात विद्यापीठ पदवी देते, पण महाविद्यालयाच्या इमारतीची एक वीटही बहुधा त्याच्या मालकीची नसते. आणि पाचव्यात तर मालकीचा प्रवाह उलटा वाहतो, हे पुढे सांगेन. इंग्रजीत ह्या प्रत्येक संबंधास स्वतंत्र शब्द आहे आणि बहुधा त्या शब्दामागे एखादा कायदा उभा आहे. आपण मनातल्या षष्ठीचे भाषांतर करून सरसकट "ऑफ" किंवा "अंडर" लिहितो, तेथे घोटाळा होतो.

पाच प्रश्न

शब्द पाठ करण्याआधी पाच प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. कोणतीही संस्था घ्या आणि विचारा:

(१) हिची स्थापना कोणी केली, व ही कोणत्या कायद्याखाली अस्तित्वात आली?
(२) हिचा कारभार कोण चालवितो? नेमणुका कोण करतो?
(३) हिला पैसा कोण देतो?
(४) हिच्या कामास मान्यता कोण देतो?
(५) हिच्यातून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र वा पदवी कोण देतो?

पाचही प्रश्नांचे उत्तर एकच आले, तर ती संस्था मोठ्या संस्थेचा अवयव समजावी. उत्तरे निरनिराळी आली, तर प्रत्येक उत्तरासाठी शब्दही निराळा लागेल.

उदाहरणादाखल आपल्या जिल्ह्याच्या गावचीच एक नामांकित संस्था घेऊ. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. ते राज्य शासनाने स्थापिले व राज्य शासनच ते चालविते; म्हणून ते "गव्हर्नमेंट कॉलेज" होय. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले. महाविद्यालय त्यास "ॲफिलिएटेड" म्हणजे संलग्न आहे, आणि पदवी विद्यापीठ देते. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा पाहून मान्यता देण्याचे काम पूर्वी भारतीय वैद्यक परिषदेकडे होते. २०२० सालापासून ते राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आले आहे. त्या संबंधास "रेकग्नाइज्ड" हा शब्द. आणि जेथे आपल्या गावचा रोगी जाऊन पडतो, ते रुग्णालय महाविद्यालयास "अटॅच्ड" म्हणजे जोडलेले आहे. पाहा, एकाच आवारात चार संबंध आणि चार शब्द! "नाशिकचे कॉलेज" असे त्यास कोणी म्हणाले, तर आपण हसू. परंतु "अंडर नाशिक युनिव्हर्सिटी" असे लिहिले, तर हसत नाही. चूक मात्र तीच आहे.

शब्दांची कुळे

आता एकेक शब्द घेऊ. त्यांची मी चार कुळे पाडतो.

पहिले कूळ अवयवांचे. "ब्रँच", "डिपार्टमेंट", "युनिट", "सबॉर्डिनेट ऑफिस" हे शब्द त्यांत येतात. शाखेस स्वतःचे वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. गावातील शाखा डाकघर हे त्याचे स्वच्छ उदाहरण: शाखा डाकघर उपडाकघरास जबाबदार, ते प्रधान डाकघरास; हुकूम वरून खाली येतो आणि हिशेब खालून वर जातो. "सबॉर्डिनेट" ह्या शब्दात लॅटिन "ओर्दो" म्हणजे रांग आहे. रांगेत खाली उभा असलेला तो सबॉर्डिनेट. तहसील कार्यालय जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयास सबॉर्डिनेट आहे. जिल्हा परिषद मात्र नाही. हा भेद आपण तरी विसरू नये. वसंतराव नाईक हे आपल्या पुसद तालुक्याचे सुपुत्र. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्यसंस्थांस घटनेतच स्थान मिळाले. म्हणून जिल्हा परिषद ही "लोकल ऑथॉरिटी" म्हणजे स्थानिक प्राधिकरण आहे. शासन तिच्यावर देखरेख करते, तिला निधी देते, तिच्याकडे अधिकारी पाठविते. पण ती शासनाची शाखा नव्हे. तद्वतच ग्रामपंचायत १९५८ च्या वेगळ्या अधिनियमाने अस्तित्वात आलेली आहे; तीस पंचायत समितीची "ब्रँच" म्हणणे गैर होय.

दुसरे कूळ दत्तकाचे. "ॲफिलिएटेड" हा ह्या कुळाचा मुख्य शब्द. त्याच्या पोटात लॅटिन "फिलिउस" म्हणजे पुत्र हा शब्द आहे. मुळात ॲफिलिएट करणे म्हणजे पुत्र म्हणून स्वीकारणे, दत्तक घेणे. ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवली, तर अर्थ कधी चुकणार नाही. दत्तक मुलाचा जन्म दुसऱ्या घरी झालेला असतो. घेणारे घर त्यास आपले नाव देते व त्याबरोबर आपले नियमही लावते. महाविद्यालयाचे तसेच आहे. आपल्या जिल्ह्यातील कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालये आज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठास संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९८३ साली निघाले. त्यापूर्वी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी आपल्याकडील महाविद्यालये संलग्न होती. विद्यापीठ बदलले, महाविद्यालयांचे संस्थापक, इमारती, प्राध्यापक आहेत तेच राहिले. संबंध संलग्नतेचा होता, अवयवाचा नव्हता, म्हणूनच हे शक्य झाले. आपला हात तोडून दुसऱ्यास लावता येत नाही. दत्तकाचे घर मात्र बदलू शकते.

ह्याच कुळात "ऑटोनॉमस" हा फसवा शब्द येतो. ग्रीक "आउतोस" म्हणजे स्वतः आणि "नोमोस" म्हणजे नियम. स्वतःचे नियम स्वतः करणारा तो स्वायत्त. पण स्वायत्त म्हणजे स्वतंत्र नव्हे. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम ठरविते, परीक्षा घेते. पदवी मात्र त्याचे विद्यापीठच देते आणि संलग्नताही कायम राहते. वेगळा संसार मांडलेल्या मुलाने आडनाव टाकलेले नसते, तसेच हे आहे.

तिसरे कूळ ओळखीचे. "रजिस्टर्ड", "रेकग्नाइज्ड" आणि "एडेड" ह्या तीन शब्दांची सर्वांत अधिक गल्लत होते, आणि खेड्यातील माणसास सर्वाधिक तोटा तीतूनच पोहोचतो. "रजिस्टर्ड" म्हणजे नोंदणी झालेली. काही माणसे एकत्र आली, त्यांनी नियम लिहिले आणि १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंद केली, की संस्था रजिस्टर्ड झाली. जन्माची नोंद झाल्याने मूल सुदृढ आहे की अशक्त, हे कळते काय? तसेच येथे समजावे. "रेकग्नाइज्ड" म्हणजे सक्षम अधिकाऱ्याने पाहणी करून ठराविक अटी पूर्ण झाल्याचे मान्य केलेली. आणि "एडेड" म्हणजे अनुदान मिळणारी. मान्यता असून अनुदान नसलेल्या शाळा पुष्कळ आहेत. त्या "रेकग्नाइज्ड, अनएडेड" होत. अनुदान मिळाले म्हणून शाळा शासनाची होत नाही. आपल्या पांढरकवडा व पुसद भागांत हे भेद सहज दाखविता येतात: काही आश्रमशाळा आदिवासी विकास विभाग स्वतः चालवितो, त्या शासकीय, काही स्वयंसेवी संस्था चालवितात व शासन अनुदान देते, त्या अनुदानित. मुले तीच, जेवणाची पंगत तशीच. पण शिक्षकाची नेमणूक करणारा हात वेगळा असतो.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमात हे भेद फार स्पष्ट केलेले आहेत. शासनाने वा स्थानिक प्राधिकरणाने स्थापिलेली, त्यांच्या मालकीची अथवा नियंत्रणाखालील शाळा हा एक वर्ग. अनुदानित शाळा हा दुसरा. विनाअनुदानित हा आणखी एक. त्याच अधिनियमाच्या कलम १८ नुसार खाजगी शाळा मान्यतेच्या प्रमाणपत्रावाचून चालविता येत नाही. चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवल्यास दर दिवसास दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हे कलम शासकीय व स्थानिक प्राधिकरणांच्या शाळांस लागू नाही. म्हणून आपल्या शाळेविषयी इंग्रजीत लिहिताना "रेकग्नाइज्ड बाय झिल्ला परिषद" किंवा "एडेड बाय झिल्ला परिषद" असे लिहू नये. आपण बाहेरून मान्यता वा अनुदान घेतलेले नाही. आपण परिषदेच्याच आहोत. "रन बाय द झिल्ला परिषद, यवतमाळ" हे शब्द पुरेसे व अचूक आहेत.

चौथे कूळ कराराचे. "फेडरेशन", "असोसिएशन", "कोलॅबरेशन", "एजन्सी" हे त्यातील शब्द. "असोसिएट" ह्यात लॅटिन "सोकिउस" म्हणजे सोबती आहे; "फेडरेशन" ह्यात "फोएदुस" म्हणजे तह वा करार आहे. दोन्ही शब्दांत बरोबरीचा भाव आहे. फेडरेशन म्हणजे स्वतंत्र संस्थांनी आपखुशीने उभारलेला संघ.

शाखा आणि संघ

ह्या भेदाचा धडा शिकण्यास कोणत्याही पुस्तकाची गरज नाही. गावातील सोसायटीच पुरेशी आहे. आपण सहज म्हणतो, "सोसायटी म्हणजे जिल्हा बँकेची गावची शाखा." वस्तुस्थिती उलट आहे. शेतकरी सोसायटीचे सभासद. सोसायट्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या सभासद. जिल्हा बँका राज्य सहकारी बँकेच्या सभासद. कर्ज वरून खाली येते, पण मालकी खालून वर जाते. तालुक्याच्या गावी जिल्हा बँकेचे जे कार्यालय आहे, ती मात्र खरी शाखा. शाखेच्या कारभाऱ्यास वरून नेमतात. सोसायटीच्या संचालकांस सभासद निवडतात. महिला बचत गटांचेही असेच आहे: गट मिळून ग्रामसंघ, ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. गट हा ग्रामसंघाची शाखा नव्हे, त्याचा घटक होय. ही गोष्ट ज्या गटातील बायांस उमगते, त्या ग्रामसंघाच्या सभेत हिशेब मागतात. ज्यांस उमगत नाही, त्या सांगतील तेथे अंगठा उठवितात. शब्दाचा अर्थ कळणे आणि हक्क कळणे ह्यांत असे अंतर फार थोडे असते.

कापसाचे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यात घरोघरचे आहे. शेतकरी म्हणतो, "कापूस फेडरेशनला घातला," किंवा "सी.सी.आय.ला घातला." पुष्कळदा दोन्हींस मिळून "सरकारने घेतला" असे म्हणून तो मोकळा होतो. ह्यांपैकी फेडरेशन म्हणजे महाराष्ट्र राज्य सहकारी कापूस उत्पादक पणन महासंघ. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीमुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले. सी.सी.आय. म्हणजे १९७० साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ. ती केंद्र शासनाची कंपनी होय. अलीकडच्या काही हंगामांत महासंघाने महामंडळाचा अभिकर्ता म्हणून हमीभावाने खरेदी केली. "एजंट" ह्या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा. अभिकर्ता दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या वतीने काम करतो; त्यामुळे तो त्याचा नोकर होत नाही आणि त्याची शाखाही होत नाही. चुकारा अडला, तर कोणाचे दार ठोठवावयाचे, हे पावतीवरील ह्या एका शब्दावरून ठरते.

जगाच्या पाठीवरील एक उदाहरण देतो. आपल्या शाळांतील भित्तिपत्रकांवर युनिसेफचे नाव असते, आणि पाठ्यपुस्तकांत युनेस्कोचे. दोन्ही संयुक्त राष्ट्रसंघाच्याच संस्था, असे आपण शिकवितो. पण युनिसेफ १९४६ साली राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव करून निर्माण केलेला निधी आहे. तो राष्ट्रसंघाचा अवयव होय. युनेस्कोची स्वतःची घटना आहे, स्वतःचे सभासद आहेत, आणि राष्ट्रसंघाशी तिचा करार आहे. अशा संस्थेस "स्पेशलाइज्ड एजन्सी" म्हणतात. ह्याचा पुरावा असा की, १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली व २००३ साली परत आली. पण त्या अवधीत राष्ट्रसंघाचे तिचे सभासदत्व एक दिवसही खंडित झाले नाही.

एका शब्दाखाली गेलेली चौऱ्याण्णव वर्षे

संबंधदर्शक शब्दांत एवढे काय आहे, अशी शंका कोणाच्या मनात अद्यापि असेल, तर त्याने आपल्याच भूमीचा इतिहास आठवावा. १८५३ साली निजामाने इंग्रजांशी तह केला, आणि त्याच्या नावाने ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. त्या तहातला शब्द "असाइन्ड" असा होता. मुलूख दिला नाही, विकला नाही, कारभारासाठी सोपविला. म्हणून ह्या मुलखाचे इंग्रजी नावच "हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स" असे पडले. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. १९०२ साली नवा करार झाला आणि "असाइन्ड" च्या जागी "लीज" हा शब्द आला: वर्षास २५ लाख रुपये खंड आणि पट्टा कायमचा. १९०३ साली वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतास जोडण्यात आला. पुढे प्रांताचे नाव "सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार" असे चालले. त्यातील "अँड" हा एवढासा शब्द निरर्थक नव्हता. मध्यप्रांत हा ब्रिटिश मुलूख होता. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने नव्हता. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो निराळ्या हुकुमाने लागू करावा लागे. १९३६ साली तर निजामाच्या किताबात वऱ्हाडचे नाव घालण्यात आले आणि त्याच्या युवराजास "प्रिन्स ऑफ बेरार" म्हणू लागले. पण यवतमाळच्या कचेरीतील एक कारकूनही हैदराबादेहून नेमला जात नव्हता.

आता आपले पाच प्रश्न येथे लावून पाहा. मालकी कोणाची? कारभार कोणाचा? सारा कोणाकडे जातो? कायदा कोणाचा? किताब कोणाचा? प्रत्येकाचे उत्तर वेगळे. ज्यांनी तह लिहिले, ते एकेक शब्द तोलून लिहीत होते; आणि ज्या रयतेवर तो शब्द चालला, तिला तो वाचताही येत नव्हता. १९४७ पर्यंत हे असे चालले. आज लोकराज्य आहे. शब्द तोलणारा एका बाजूस व त्याचा भार वाहणारा दुसऱ्या बाजूस, असे आता असू नये. आणि त्यासाठीच गावोगाव शाळा आहे.

पाट्या वाचण्याची कला

आता व्यवहाराकडे वळू. पालकास सल्ला देताना पाटीवरील शब्द असे तपासावेत.

पाटीवर "रजिस्टर्ड" किंवा "रजि. नं." एवढेच असेल, तर केवळ संस्था अस्तित्वात आहे, इतकेच सिद्ध होते. मान्यतेचा आदेश वेगळा मागावा. "शासनमान्य" असे लिहिले असेल, तर कोणत्या विभागाची, कोणत्या वर्गांसाठी आणि कोणत्या सालापासून, हे विचारावे. मान्यता शाळेच्या एका भागास असून दुसऱ्यास नसणे शक्य असते. "ॲफिलिएटेड" असे लिहिले असेल, तर कोणास, हे पाहावे. संलग्नता देण्याचा अधिकार ज्यास कायद्याने दिला आहे, अशा विद्यापीठाची वा मंडळाची संलग्नता उपयोगाची. एका खाजगी संस्थेने दुसऱ्या खाजगी संस्थेस दिलेल्या संलग्नतेने नोकरीसाठी वा पुढील प्रवेशासाठी काहीही साधत नाही. परिचारिकेचे शिक्षण देतो, संगणकाचे देतो म्हणून शुल्क घेणाऱ्या ठिकाणी हा प्रश्न विशेष आग्रहाने विचारावा.

"सी.बी.एस.ई. पॅटर्न" हा शब्दप्रयोग आपल्या तालुक्यांच्या गावी हल्ली पुष्कळ दिसतो. "पॅटर्न" हा संबंधदर्शक शब्दच नाही. त्याचा अर्थ इतकाच की, त्यांच्यासारखा अभ्यास घेऊ. शेजारच्या वाड्यासारखा दरवाजा बसविला म्हणून तो वाडा आपला होत नाही. संलग्न शाळेस त्या मंडळाचा संलग्नता क्रमांक असतो. तो मागावा, व मंडळाच्या प्रसिद्ध यादीत पडताळावा. "इन कोलॅबरेशन विथ" किंवा "टाय-अप" असे शब्द असतील, तर करार कशाचा व किती काळाचा, हे विचारावे. पालक हे प्रश्न विचारण्यास संकोचतो; शिक्षकाने त्याच्या वहीत ते लिहून द्यावेत.

लिहिताना घ्यावयाची काळजी

इंग्रजीत हे शब्द लिहिताना त्यांच्यामागे येणारी लहान शब्दयोगी अव्ययेही सांभाळावी लागतात. कर्ता सांगावयाचा तेथे "बाय": रन बाय, एडेड बाय, रेकग्नाइज्ड बाय. लहानाचा मोठ्याशी संबंध सांगावयाचा तेथे "टू": ॲफिलिएटेड टू, अटॅच्ड टू, सबॉर्डिनेट टू. बरोबरीच्या संबंधास "विथ": असोसिएटेड विथ, इन कोलॅबरेशन विथ. "ॲफिलिएटेड विथ" असेही काही लिहितात. ते अशुद्ध नाही, पण आपल्याकडील शासकीय लिखाणात "टू" रूढ आहे. अवयव वा सभासद सांगावयाचा तेथे "ऑफ": ब्रँच ऑफ, मेंबर ऑफ. आणि "अंडर" हा शब्द कायद्यासाठी राखून ठेवावा: रजिस्टर्ड अंडर अमुक ॲक्ट. नोंदणी ज्या अधिकाऱ्याकडे झाली, त्याच्यासाठी पुन्हा "विथ" येतो. स्वातंत्र्य सांगताना मात्र "इंडिपेंडंट ऑफ" असे म्हणतात. "फ्रॉम" म्हणत नाहीत.

मराठीतही ही शिस्त पाळता येते, आणि प्रथम मराठीत पाळावी. संलग्न, मान्यताप्राप्त, नोंदणीकृत, अनुदानित, अधीनस्थ, स्वायत्त, संघ, शाखा, अभिकर्ता हे शब्द आपल्याकडे तयार आहेत. ज्याच्या मराठी वाक्यात संबंध स्पष्ट असतो, त्याचे इंग्रजी वाक्य सहसा बिघडत नाही.

वर्गासाठी एक पाठ

वरच्या वर्गांस एक सोपा पाठ देता येईल. मुलांकडून गावातील संस्थांची यादी करून घ्यावी: शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र, डाकघर, सोसायटी, बचत गट, बँकेची शाखा. प्रत्येकीपुढे आपले पाच प्रश्न मांडावेत. उत्तरे मुलांनीच त्या त्या ठिकाणी जाऊन आणावीत. नंतर फळ्यावर बाणांनी संबंध दाखवावेत: हुकुमाचा बाण एका रंगाने, पैशाचा दुसऱ्या, निवडणुकीचा तिसऱ्या. डाकघराचे सारे हुकूम वरून खाली येतात आणि सोसायटीत निवडणुकीचा बाण खालून वर जातो, हे मुलांस दिसले, की नागरिकशास्त्राचा निम्मा भाग आपोआप शिकवून झाला असे समजावे. ह्या पाठास खर्च नाही. तीन रंगांचे खडू पुरतात. इंग्रजी शब्द सर्वांत शेवटी, तयार झालेल्या आकृतीवर लिहावेत. वस्तू आधी आणि नाव नंतर, हा क्रम लहान मुलांच्या भाषाशिक्षणात आपण पाळतोच. येथेही तोच पाळावा.

बंधुभगिनींनो, एखाद्या शाळेच्या पाटीवर काय लिहावे, हे ठरविणे आपल्या हाती नाही. परंतु त्या पाटीपुढे उभा राहणारा माणूस आपल्याच शाळेतून बाहेर पडलेला असतो. तो "हे कोणाचे आहे?" एवढेच विचारून न थांबता, "कोण चालवितो, कोण मान्यता देतो, प्रमाणपत्र कोण देतो?" असे विचारू लागला, तर कोणाही रंगीत माहितीपत्रकाची त्याच्यापुढे मात्रा चालणार नाही. पुढील सभेस येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या संस्थांचा असा एक तक्ता तयार करून आणावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.